स्पिंडलवरचा काळा थर

खंडेनवमीला बारामती एमआयडीसीतल्या त्या वर्कशॉपात सगळी यंत्रं गप्प असायची, एक सोडून. यंत्रं पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि दसरा उलटेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, हा चंद्राबाईंचा कायदा होता. चंद्राबाई माळेगावहून यायच्या, वर्कशॉप सुरू झालं त्या दिवसापासून. पॅकिंगचं काम त्यांच्याकडे होतं आणि सगळ्यांना धाकात ठेवण्याचं कामही त्यांनी आपणहून घेतलं होतं.

या कायद्याला दर वर्षी श्यामला आडवी यायची. श्यामला मालकीणही होती आणि टेस्टिंगची इंजिनिअरही. तिचं यंत्र म्हणजे छोट्या भट्टीत फिरणारी एक पोलादी चकती आणि तिच्यावर वरून दाबून धरलेली पिन. चकती फिरते, पिन घासते आणि घर्षण किती होतंय त्याची रेघ कॉम्प्युटरवर उमटत राहते. चंद्राबाई त्याला जातं म्हणायच्या. चालू टेस्ट मध्येच बंद करणं श्यामलाला कधी पटायचं नाही. मग तिचा नवरा केशव मध्ये पडायचा, "चंद्राबाई, माळ घाला, पण तिचं जातं फिरू द्या," म्हणायचा, आणि चंद्राबाई तोंड वाकडं करून फिरत्या यंत्रालाच कुंकू लावायच्या.

यंदा केशव चंद्राबाईंच्या बाजूने बोलला.

"राहू दे की बंद," तो म्हणाला. "लोकांच्या भावना असतात."

श्यामला बघतच राहिली. लोकांच्या भावनांचा असा उमाळा केशवला लग्नापासून आजवर एकदाही आलेला नव्हता. ती काही बोलायच्या आत त्याने स्वतः बटण दाबलं. चकती मंदावली, थांबली. कॉम्प्युटरवरची रेघ तिथंच तुटली, अगदी तळाशी, छान गुळगुळीत. चंद्राबाईंनी समाधानाने यंत्राला कुंकवाचं बोट टेकवलं.

रेघ तिथं तुटली याचा अर्थ काय, हे कळायला या धंद्याचं थोडं सांगायला हवं. पोलादाच्या भागांवर कार्बनचा पातळ काळा थर चढवून द्यायचा, म्हणजे ते घासले तरी झिजत नाहीत, हे या नवराबायकोचं काम. थंड जागी हा थर गुणी असतो, वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. उष्णतेत मात्र त्याची नियत फिरते. तापला की तो मऊ पडतो, आणि मऊ पडला की आणखी गुळगुळीत होतो, शिसपेन्सिलीतल्या शिशासारखा. घर्षण कमी कमी होत जातं, रेघ खाली येते, बघणारा खूश होतो. त्याच वेळी थर झपाट्याने झिजत असतो. मग एकदा तो संपतो, पोलाद पोलादावर घासायला लागतं आणि रेघ उभी वर चढते. म्हणजे तो सगळ्यात चांगला वागतो तो मरायच्या आधी. ज्याला फक्त रेघ दाखवली त्याला हे कधीच कळणार नाही. श्यामलाला कळत होतं आणि केशवला तिच्याआधीपासून कळत होतं, कारण कॉलेजात असताना हे तिला शिकवलं होतं त्यानेच.

ही टेस्ट होती इंदापूर तालुक्यातल्या एका खासगी साखर कारखान्यासाठी, निरवांगीच्या पलीकडे. कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वाफ करतात, वाफेवर टर्बाइन फिरतं. टर्बाइनच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह असतो. काही बिघडलं की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद व्हावा लागतो. त्याचा दांडा, म्हणजे स्पिंडल, जागच्या जागी अडकला तर वाफ आत येतच राहते, टर्बाइन बेफाम पळतं आणि त्याची पाती तुटून भिंती फोडत बाहेर येतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. आजवर हा स्पिंडल दर हंगामाआधी उघडून साफ करायचे आणि काम भागायचं. केशवने कारखान्याच्या संचालकांना सांगितलं होतं की आम्ही कार्बन चढवून देतो, मग कुणाला बघायचीही गरज नाही. साखर कारखान्यांत कार्बन नेणारा पहिला माणूस आपण व्हायचं, हे त्याच्या डोक्यात कधीचं बसलं होतं. तिथली वाफ साडेतीनशे डिग्रीची. तेवढ्याच आचेवर श्यामला चकती फिरवत होती.

दसरा झाला, श्यामलाने यंत्राला घातलेली माळ काढली आणि टेस्ट पुढे चालू केली. जेवणाच्या सुट्टीआधीच रेघ वर चढली. तिने चकती बाहेर काढून भिंगाखाली धरली. पिन जिथून फिरली होती तिथे काळ्याचा मागमूस नव्हता, नुसतं ओरबाडलेलं पोलाद उघडं पडलं होतं.

ती चकती घेऊनच केबिनमध्ये गेली. "कोटिंग गेलं. स्पिंडल पाठवू नको."

केशवने चकतीकडे न बघता म्हटलं, "स्पिंडल गेला. रिपोर्ट पण गेला. दसऱ्याच्या मुहूर्तावर."

"कसला रिपोर्ट? टेस्ट तर आत्ता संपली."

"नवमीपर्यंतचा ग्राफ होता ना. सुंदर होता."

श्यामलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धा ग्राफ हा ग्राफच नसतो, हे ती ओरडून सांगू लागली, तर केशव शांतपणे एकेक मुद्दा काढत बसला. यंत्र बंद केल्यावर चकती थंड झाली, पुन्हा तापवताना पिन तिरकी बसली असेल, म्हणून दुसरा अर्धा भाग धरता येणार नाही. श्यामलाने त्याच दिवशी नवी चकती लावली, मध्ये एकदाही थांबवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीही उघडी पडलेली आणून त्याच्या टेबलावर ठेवली. तेव्हा तो म्हणाला, "तुझी पिन सारखी घासते. व्हॉल्व्ह काय दिवसभर घासत बसतो का? कधीतरी हलतो."

"न घासताही कार्बन त्या आचेला हवेत जळतो, केशव. नुसता उभा राहिला तरी जळतो. आणि अर्धवट उरलेल्या थराचे पोपडे फटीत जाऊन बसले की स्पिंडल हलणारच नाही. त्यापेक्षा त्यांचा जुना उघडा स्पिंडल बरा."

"तिथे वाफ आहे, हवा नाही."

"टर्बाइन बंद केलं की तापलेल्या दांड्याभोवती हवाच शिरते."

"मला खात्री आहे," केशव म्हणाला. "तू उगाच घाबरतेस. मी इतकी वर्षं हेच करतोय, मला कळत नसेल?"

हेच तिला सतावत राहिलं. कळत असेल की नसेल? माणूस एखाद्या गोष्टीच्या इतका आहारी जातो की डोळ्यांसमोरचं त्याला दिसत नाही, असं होतं. केशवचं तसं झालं असेल तर ती त्याच्याशी भांडली असती, ओरडली असती आणि शेवटी माफही केलं असतं. पण बटण दाबताना त्याचा चेहरा तिने पाहिला होता. तो रेघेकडे बघत होता, झेंडूच्या माळेकडे नाही. त्या आठवणीने तिला अन्न गोड लागेना आणि त्याच्याशी बोलताना तिचा आवाज आपोआप चढायला लागला. चंद्राबाईंनी एकदा विचारलंही, "बाई, माझ्यामुळं भांडताय का? म्या काय बंद करा म्हनून हट्ट न्हवता केला. दरवर्षी म्हनते तसंच म्हनलं." श्यामलाने त्यांना सांगितलं की तुमचा काही दोष नाही, आणि ते खरंच होतं.

तिने कारखान्याचे चीफ इंजिनिअर जोतीरामराव यांना फोन केला. चकतीचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मधूनमधून "हां, हां" म्हणत होते, आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, सही केशवसाहेबांची हाय. तुमच्याच फर्मची. आता मी कुनाचं खरं धरू? स्पिंडल बसवलाय. तुमी दोघं घरात बसून एक काय ते ठरवा. आनि बरं का, परवा बॉयलरचं अग्निप्रदीपन हाय. संचालक म्हनले, ह्या वर्षी पूजेला हेच जोडपं बसवायचं. नव्या कामाचा मान हाय तुमचा. नेसून-सवरून या."

श्यामलाने फोन ठेवला आणि कपाटातून हिरवी पैठणी काढली. बघणाऱ्याला वाटलं असतं की राग निवळला. तो निवळला नव्हता. पूजा झाली की बॉयलर पेटणार, वाफ चढली की त्याच दिवशी टर्बाइनची ट्रायल होणार, आणि त्याआधी तिला तिथे पोहोचायचं होतं.

दोघं गाडीने निघाले. इंदापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना ऊस तुऱ्यावर यायच्या बेतात उभा होता, मधूनच कुणाचं डाळिंब, कुणाची ढोबळी मिरची. केशव नव्या शर्टात होता आणि वाटेत दोनदा त्याने आरशात केस नीट केले. तिला त्या केसांचाही राग आला.

कारखान्यात बॉयलरच्या तोंडासमोर पाट मांडले होते. लाकडं रचून ठेवली होती, तुपाचा गडवा, समिधा, फुलं. खुर्च्यांवर संचालक, मागे कामगार आणि त्यांच्या बायका. गुरुजींनी केशवच्या उपरण्याची आणि श्यामलाच्या पदराची गाठ मारली आणि आचमन सांगितलं. श्यामलाने पळी हातात घेतली नाही.

"जोतीरामराव," ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "टर्बाइनच्या व्हॉल्व्हमधला आमचा स्पिंडल काढा. तो काढेपर्यंत मी या पूजेला हात लावणार नाही."

गुरुजी थांबले. खुर्च्या करकरल्या. केशव दात न उघडता म्हणाला, "श्यामला, इथे नको."

"इथेच. घरी तू ऐकलं नाहीस." मग ती संचालकांकडे वळली. "आमच्या टेस्टमध्ये ते कोटिंग साडेतीनशे डिग्रीला गेलं. दोनदा गेलं. तुम्हाला पाठवलेला ग्राफ अर्धा आहे. तो व्हॉल्व्ह अडकेल. आज नाही, पंधरा दिवसांनी, महिन्याने, ऐन हंगामात. जुना स्पिंडल असेल ना तुमच्याकडे? तो घाला आणि खुशाल चालवा."

मग संचालकांपैकी एकाने जोतीरामरावांकडे पाहिलं आणि जोतीरामराव पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर अवघडलेलं हसू होतं. नवराबायकोच्या भांडणात सापडलेल्या माणसाचं असतं तसं. "मॅडमची तब्येत बरी दिसत न्हाय," ते म्हणाले. "मुहूर्त टळाय नको. गुरुजी, दुसरं जोडपं बसवा. बिरदेव, ये. सारजाला बोलीव. टर्बाइनवर तूच आसतोस, मान तुझाच हाय."

गुरुजींनी श्यामलाच्या पदराची गाठ सोडली. तिच्या रागाचा, तिच्या टेस्टचा, ओरबाडलेल्या दोन चकत्यांचा निकाल एवढ्यात लागला होता, तब्येत बरी दिसत नाही म्हणून. केशवने उपरणं काढून दिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं ते तिने पाहिलं. तिला त्या क्षणी त्याला सगळ्यांसमोर दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं.

बिरदेव निरवांगीचा. टर्बाइनवरचा जुना माणूस, अंगाने दणकट, चार लोकांत लाजणारा. तो डोक्यावरची टोपी सारखी करत पाटावर बसला. त्याची बायको सारजा शेजारी बसली. कारखान्याच्या पूजेचा मान म्हणजे थोडा नव्हे, मागच्या बायकांत कुजबुज झाली, कुणीतरी तिचा पदर नीट केला. गुरुजींनी दोघांची गाठ मारली आणि पुन्हा आचमनापासून सुरुवात केली.

श्यामला बाजूला गेली नाही. ती पाटाशेजारी खाली वाकली आणि सारजाच्या समोर बसली. "बाई, तुमचे मालक त्या व्हॉल्व्हजवळ उभे असतात का?"

सारजाने बिरदेवाकडे पाहिलं. बिरदेव खाली बघत म्हणाला, "व्हय. तितंच. हाताच्या अंतरावर."

"मी जे बोलले ते तुम्ही ऐकलंत. मला आजारी म्हणोत नाहीतर वेडी म्हणोत. ते कोटिंग मी स्वतः तपासलंय. हे खोटं सांगून माझंच नुकसान होईल, कारण वर्कशॉप माझंपण आहे. बस, एवढंच सांगायचं होतं."

"मॅडम," जोतीरामराव आता चिडले होते, "पूजा चाललीय."

सारजाने समोरच्या समिधांकडे पाहिलं. मग ती उठली. पूजेतून मध्येच उठायचं नसतं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, ती ठरवून उठली. पदर उपरण्याला बांधलेला, त्यामुळे बिरदेवालाही उठावं लागलं. त्याच्या मांडीवरचे तांदूळ खाली सांडले.

"आगं, बस," बिरदेव पुटपुटला.

"न्हाय बसत," सारजा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला. "मी ह्या बाईला वळखत न्हाय. पन ती सोताच्या नवऱ्याच्या इरोधात बोलाया हितवर आली, ते उगंच न्हाय आली. साहेब," ती जोतीरामरावांकडे वळली, "तुमी काढा त्यो दांडा. न्हायतर ह्येनी त्या जागी उभं ऱ्हानार न्हाईत."

"अगं बाई, तुला काय कळतंय त्यातलं? मोठ्या माणसांची सही हाय त्यावर."

"मला न्हाय कळत. म्हनूनच सांगते. ज्येला कळतंय त्येनं उभं ऱ्हावं."

तिने थेट केशवकडे बोट केलं नाही. पण सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. केशव खुर्चीपाशी उभा होता.

बिरदेवाला आता धीर आला असावा, किंवा गाठीने ओढल्यामुळे मागे फिरता येईना. तो म्हणाला, "साहेब, तुमचा माल हाय. खात्री हाय म्हनता. तर पंधरा दिस माझ्यासंगं पाळीला या. मी सकाळी तर तुमी सकाळी, मी दुपारी तर तुमी दुपारी. चाकाला हात लावू नका, नुस्तं शेजारी उभं ऱ्हावा. माझं मन ऱ्हाईल. मग मी बसतो पूजेला."

यात अवघड असं काहीच नव्हतं. नवा माल बसवला की कंपनीचा माणूस काही दिवस येऊन उभा राहतोच. संचालकांनाही ते पटलं, एक जण म्हणाला, "बरोबर बोलतोय की बिरदेव. केशवराव, थांबा पंधरा दिवस. गेस्ट हाऊस आहे आपलं." जोतीरामरावांनी मान हलवली, प्रश्न मिटला म्हणून त्यांना हायसं वाटलं. सगळे केशवच्या "हो"ची वाट बघू लागले.

श्यामलाही वाट बघत होती. तिला तो "हो" हवा होता. तिचं तिलाच नवल वाटलं, पण त्या घडीला तिला मनापासून वाटत होतं की यानं छाती पुढे काढून म्हणावं, थांबतो, महिनाभर थांबतो, माझं कोटिंग आहे. म्हणजे तो चुकलेला आहे, हट्टी आहे, आंधळा झालाय, पण लबाड नाही, एवढं तरी कळलं असतं. अशा माणसाला हाताला धरून त्या व्हॉल्व्हपासून दूर ओढत नेलं असतं तिने.

केशवने एकदा टर्बाइन हॉलच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, आतलं यंत्र पुसून लख्ख केलेलं दिसत होतं, त्याच्यावर झेंडूची माळ. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. मनगटावरच्या घड्याळाशी चाळा केला.

"काढा," तो म्हणाला.

"काय म्हनलात?" जोतीरामरावांनी विचारलं.

"स्पिंडल काढा. जुना बसवा. मी... आम्ही अजून एकदा तपासून घेतो."

जोतीरामरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते वळले आणि फिटरला हाक मारत टर्बाइन हॉलकडे चालू लागले. त्यांची चाल हळूहळू भरभर होत गेली. खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. गुरुजींनी गडव्यावर झाकण ठेवलं.

श्यामलाला हवं ते झालं होतं. स्पिंडल निघणार होता, बिरदेव वाचला होता. राग ओसरायला हवा होता, पण तो आता कुठे खरा पेटला. इतके दिवस ती एका धाग्याला धरून होती की याला कळत नाही. त्याला पहिल्यापासून कळत होतं. रेघ कुठे तोडायची ते कळत होतं, अर्धा कागद कुठे पाठवायचा ते कळत होतं, आणि त्या व्हॉल्व्हच्या शेजारी कोण उभा असतो तेही कळत होतं. एवढंच की तो दुसरा कुणीतरी होता.

सारजा अजून उभीच होती. पदराची गाठ तशीच, बिरदेव तिच्या मागे. तिने केशवला विचारलं, अगदी साध्या आवाजात, भाव विचारावा तसं, "साहेब, तुमच्यासाठी चालंना. मग ह्येंच्यासाठी कसं चालत हुतं?"

केशवने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खिशातून गाडीची किल्ली काढली, श्यामलाजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं? चल आता घरी."

श्यामला जागची हलली नाही.

"सारजाबाईंनी काहीतरी विचारलंय," ती म्हणाली. "आधी त्यांना उत्तर दे."